२१ दिवसांचा ‘प्रतिकारशक्ती संच’ : मेन रोडमागच्या एका दुकानातील खरेदीचा अनुभव

नाशिकच्या मेन रोडवरून रविवार कारंज्याकडे जाताना मधल्या एका गल्लीत चूर्णे, काढे आणि तेले विकणारे दुकान आहे. तिथे मिळणाऱ्या ‘प्रतिकारशक्ती संचा’चे हे परीक्षण आहे. दुकानाचे आणि उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. माझी तक्रार लेखी स्वरूपात दिलेली आहे आणि तिचा निर्णय संबंधित कार्यालयानेच करावा, हे एक कारण. दुसरे असे की हाच माल थोड्याफार फरकाने निरनिराळ्या नावांखाली निरनिराळ्या पेठांत विकला जातो, त्यामुळे एक नाव कळले तर बाकीची नावे निर्दोष आहेत असा वाचणाऱ्याचा समज होण्याचीच भीती अधिक.

हा संच आमच्या घरात पहिल्यांदा आला तो कोरोनाच्या साथीत, मार्च २०२१ मध्ये. माझे थोरले दीर तेव्हा ६३ वर्षांचे होते. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातून ते निवृत्त झालेले, मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या रोज चालू. १ मार्चपासून साठीपुढच्या लोकांचे लसीकरण सुरू झाले होते आणि त्यांना महापालिकेच्या केंद्रावर घेऊन जायचे, असे घरात ठरलेही होते. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी या संचाची शिफारस केली, भाऊजी मेन रोडला गेले आणि १,९५० रुपये मोजून तीन डबे, एक सूचनापत्रक आणि एक चार पानी पुस्तिका घेऊन आले. लसीचे नंतर बघू, असे ते म्हणाले.

डब्याबद्दल जे चांगले आहे ते आधी सांगते. डबा पत्र्याचा आहे, झाकण घट्ट बसते आणि आतली पन्नी नीट चिकटवलेली असते. पन्नी फाडल्याबरोबर सुंठ, मिरी आणि तुळशीचा वास येतो आणि त्याच्या मागून गुळवेलीचा कडवटपणा जाणवतो. चूर्ण वस्त्रगाळ केल्यासारखे बारीक आहे, चिमटीत धरले तर खरखर लागत नाही. मी ३१ वर्षे एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केले असल्यामुळे कोणतीही पूड हातात आली की ती तोलून पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. डब्यावर २५० ग्रॅम लिहिले आहे, भरले ते २४१ ग्रॅम. चिमूटभर पूड पाण्यात उकळून, ते गार करून मी आयोडीनचा थेंब टाकला, तेव्हा पाणी निळसर काळे झाले, म्हणजे त्यात पिष्ट (स्टार्च) आहे. परंतु गुळवेलीच्या खोडात पिष्ट असतेच, आणि बाजारात मिळणारे गुळवेल सत्त्व म्हणजे मुख्यत्वे तेच असते. तेव्हा एवढ्या एका थेंबावरून यात पीठ मिसळले आहे असे म्हणता येणार नाही, आणि मी तसे म्हणत नाही. काढा करून प्यायला तर घसा शेकला जातो, छातीला ऊब वाटते. आयुष मंत्रालयाने २०२० मध्ये जो साधा काढा सुचवला होता, त्यात तुळस ४ भाग, दालचिनी २ भाग, सुंठ २ भाग आणि मिरी १ भाग होती. कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानातून ही चार द्रव्ये आणून तसाच काढा घरी याच्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतो. दुकानदाराने हा माल ‘गरम काढ्याची पूड’ म्हणून विकला असता, तर किंमत जास्त आणि माल ९ ग्रॅम कमी, एवढ्यावर माझे परीक्षण संपले असते.

आता लेबल. त्यावर ठळक अक्षरांत ‘३२ दुर्मीळ वनौषधी’ असे छापले आहे. खाली नावे सातच दिली आहेत आणि पुढे ‘इत्यादी’ हा शब्द आहे. कोणत्याही घटकाचे प्रमाण दिलेले नाही. आयुर्वेदिक औषध म्हणून जे विकले जाते, त्याच्यावर घटक, त्यांचे प्रमाण, औषधाच्या परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि निर्मितीची तारीख असावी लागते. या डब्यावर बॅच क्रमांकाचा शिक्का इतका पुसट होता की भिंगातूनही त्यातले दोनच आकडे लागले. परवाना क्रमांक मात्र स्पष्ट होता आणि तो १४ आकडी होता. हा १४ आकडी क्रमांक खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नव्हे. म्हणजे चटणी-मसाल्याच्या परवान्यावर हा माल तयार होतो आणि विकताना ‘विषाणूवर रामबाण’ म्हणून विकला जातो. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही, आणि औषध विकणाऱ्याला तो दावा सिद्ध करावा लागतो. या डब्याने खाद्यपदार्थाची मोकळीक घेतली आहे आणि औषधाची पत वापरली आहे. ग्राहकाने डबा उलटा करून एवढा एक क्रमांक जरी पाहिला, तरी पुष्कळ गोष्टी कळतात, म्हणून मी हे इतक्या तपशिलाने लिहिते आहे.

लेबलवर जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाचा एक गोल शिक्काही छापलेला होता. अशा शिक्क्याला लोक सहज भुलतात. एखाद्या कारखान्याला उत्तम उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र मिळाले असेल, तर तिथली स्वच्छता, नोंदी आणि मालाचा सारखेपणा ठरलेल्या निकषांप्रमाणे आहे, एवढेच त्यातून कळते. त्या मालाने रोग बरा होतो की नाही, याच्याशी त्या प्रमाणपत्राचा संबंध नसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये पतंजलीच्या ‘कोरोनिल’ गोळ्यांच्या निमित्ताने देशभर हाच घोळ झाला होता आणि कोविडवरील कोणत्याही पारंपरिक औषधाची परिणामकारकता आपण तपासलेली किंवा प्रमाणित केलेली नाही, असा खुलासा त्या वेळी खुद्द जागतिक आरोग्य संघटनेला करावा लागला होता. आमच्या घरी डबा आला तो त्यानंतरच्या महिन्यात, आणि तरीही शिक्का डब्यावर होताच.

माझा खरा आक्षेप मात्र सूचनापत्रकावर आहे. त्यातला दुसरा मुद्दा मी जसाच्या तसा वाचला आणि पुन्हा वाचला : कोर्स चालू असताना ताप वाढला, अंग दुखले किंवा थकवा आला, तर ते शरीरातील विष बाहेर पडत असल्याचे लक्षण आहे, घाबरून तपासण्या करू नयेत, मात्रा दुप्पट करावी. या एका वाक्याने रुग्णाच्या सुटकेच्या सगळ्या वाटा बंद होतात. बरे वाटले तर चूर्णामुळे बरे वाटले, आणि त्रास वाढला तर चूर्ण काम करते आहे म्हणून वाढला. मग हे औषध निरुपयोगी आहे हे रुग्णाने ओळखायचे तरी कोणत्या खुणेवरून? ज्या दाव्याच्या विरुद्ध काहीही घडू शकत नाही, त्या दाव्याची परीक्षाच होऊ शकत नाही. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाची मुलेसुद्धा शिकतात की लिटमस कोणत्याही द्रावणात लालच होत असेल, तर तो कागद फेकून द्यायचा.

भाऊजींना ८ एप्रिल २०२१ रोजी ताप आला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तोंडाला थोडी चव आली आणि त्यांनी आनंदाने दुकानदाराला फोनवरून आवाजी निरोप पाठवला, की तुमच्या चूर्णाने मला तीन दिवसांत आराम पडला. पाचव्या दिवशी ताप परत आला. त्यांनी पत्रकाप्रमाणे मात्रा दुप्पट केली आणि आम्हाला काही सांगितले नाही. माझ्या जाऊबाईंनी विचारले तर म्हणाले, “विष बाहेर पडतंय, पडू दे.” या आजारात पुष्कळ रुग्णांचा पहिला आठवडा सौम्य जातो आणि धाप लागायची ती पहिल्या आठवड्याच्या शेवटी किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लागते, हे तेव्हापर्यंत डॉक्टरांना चांगले ठाऊक झाले होते. शिवाय प्राणवायू कमी होत असतानाही माणूस शांतपणे बोलत बसू शकतो. आठव्या दिवशी, १५ एप्रिलला, माझा मुलगा रक्तातला प्राणवायू मोजणारे १,८०० रुपयांचे ऑक्सिमीटर घेऊन त्यांच्याकडे गेला. भाऊजी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. बोटाला यंत्र लावले तर आकडा ८८ दिसला. यंत्र बिघडले असेल म्हणून मुलाने ते स्वतःच्या बोटाला लावले, तर ९८ आला. पुन्हा भाऊजींना लावले, पुन्हा ८८.

त्या दिवसांतले नाशिक ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगायला नको. खाटेसाठी आम्ही सात तास फोन केले आणि रात्री साडेदहाला एका खासगी रुग्णालयात प्राणवायूची खाट मिळाली. सहा दिवसांनी, २१ एप्रिलला, महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी तिथे २२ रुग्ण दगावले. ती बातमी आली तेव्हा माझ्या जाऊबाई आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि दोन तास तिथून उठल्या नाहीत. भाऊजी वाचले. १४ दिवसांनी, २९ एप्रिलला, ते घरी आले. त्यांना काय दिले गेले ते कागदोपत्री माझ्याकडे आहे : प्राणवायू, डेक्सामेथासोन, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, इन्सुलिन आणि पोटावर पालथे झोपवणे.

या डेक्सामेथासोनबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण संचातल्या पुस्तिकेचे पहिलेच पान सांगते की स्वस्त औषधांनी हा रोग बरा होतो, पण बड्या कंपन्या आणि सरकारे ती माहिती दडपून ठेवतात. डेक्सामेथासोन हे १९५० च्या दशकापासून माहीत असलेले आणि अत्यंत स्वस्त असे औषध आहे. भाऊजींच्या रुग्णालयाच्या बिलात सर्वांत कमी रकमेची ओळ त्याचीच होती. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना ते दिले गेले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले गेले. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे, तर सोडत काढावी तसे ठरवले होते. कृत्रिम श्वासयंत्रावरच्या रुग्णांमधले मृत्यू एक तृतीयांशाने आणि नुसत्या प्राणवायूवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना फायदा झाला नाही, आणि तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले. हा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी जाहीर झाला आणि लगोलग जगभरच्या रुग्णालयांत वापरला गेला. स्वस्त औषध दडपले जात असते, तर दडपायला याच्याइतके सोयीचे दुसरे कोणते होते?

पुस्तिकेतला दुसरा दावा ५जीच्या मनोऱ्यांचा आहे. भारतात ५जी सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ रोजी. आपल्याकडच्या दोन्ही मोठ्या लाटा २०२० आणि २०२१ मध्ये येऊन गेल्या होत्या. ज्या लहरी तेव्हा आपल्याकडे नव्हत्याच, त्यांनी आपली माणसे कशी आजारी पाडली, हे पुस्तिका सांगत नाही. तिसरा दावा लशीतून चिप घालण्याचा. कोव्हिशिल्डच्या एका कुपीत प्रत्येकी अर्ध्या मिलीलिटरचे १० डोस असत. मी लस घेतली त्या केंद्रावर परिचारिका बाई माणसे जमेपर्यंत कुपी उघडत नसत आणि मग एकाच कुपीतून एकापाठोपाठ एक सुया भरत. ते ज्याने समोर उभे राहून पाहिले आहे, त्याला या दाव्याचे आणखी उत्तर द्यावे लागू नये. असे दावे चूर्णाच्या डब्यात कशाला, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. नंतर लक्षात आले की त्यांची तिथे गरज आहे. तपासणी, लस आणि रुग्णालय या तिन्हींवरचा विश्वास उडाला, की ग्राहकाच्या हाती हा डबा तेवढा उरतो.

यंदा जूनमध्ये मी त्या दुकानात मुद्दाम पुन्हा गेले. डबा तोच होता, फक्त ‘कोरोना’ या शब्दावर ‘सर्व प्रकारचे व्हायरल’ अशी चिकटपट्टी लावली होती आणि किंमत ७५० रुपये डबा झाली होती. वागणुकीच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, गल्ल्यावरचा तरुण अत्यंत अदबीने बोलत होता. मी परिणामाचा पुरावा विचारला, तेव्हा त्याने गल्ल्याखालून लाल बांधणीची जाड ‘अनुभव वही’ काढून माझ्यापुढे ठेवली. मी त्या वहीची पहिली ४० पाने तिथेच बसून वाचली. ‘दोन दिवसांत ताप गेला.’ ‘तिसऱ्या दिवशी जेवण गोड लागले.’ ‘चार दिवसांत कामावर हजर.’ प्रत्येक नोंद दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या दिवसाची. आठव्या दिवसाची एकही नाही. आणि २३ व्या पानावर भाऊजींच्या आवाजी निरोपाचा मजकूर उतरवून घेतलेला होता, त्यांच्या नावासकट. समोरच्या भिंतीवर तोच मजकूर त्यांच्या छायाचित्रासह प्लास्टिकच्या कार्डात लावलेला होता.

मी म्हटले, “दादा, हे माझे दीर आहेत. यांना चौदा दिवस प्राणवायूवर ठेवलं होतं.”

तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, “मावशी, पण ते बरे झाले, हे खोटं आहे का?”

हा प्रश्न त्याने मनापासून विचारला होता, म्हणून मीही त्याचे उत्तर मनापासून देते. ते बरे झाले, हे खरे आहे. त्यांनी चूर्ण घेतले होते, हेही खरे आहे. पण चूर्ण घेतल्यानंतर बरे होणे आणि चूर्ण घेतल्यामुळे बरे होणे यांत जो फरक आहे, त्या फरकावरच वैद्यकशास्त्र उभे आहे. या आजारात साधारण ८० टक्के लोक रुग्णालयात न जाता बरे होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने साथीच्या सुरुवातीलाच सांगितले होते. शंभर जणांना नुसते गुळाचे पाणी पाजले, तरी वहीत ८० सुखद अनुभव जमा होतील आणि त्यांतला प्रत्येक अनुभव प्रामाणिक असेल. उरलेले वीस जण वहीत सही करायला दुकानात येत नाहीत. त्यांतले काही रुग्णालयात असतात आणि काही कुठेच नसतात. म्हणून चूर्णाचा गुण पाहायचा, तर एका गटाला चूर्ण आणि तशाच दुसऱ्या गटाला दिसायला-चवीला तसलेच दुसरे काही द्यावे लागते, कोणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही कळू द्यायचे नसते, आणि शेवटी दोन्ही गटांतली सगळी माणसे मोजावी लागतात, सुखी झालेली तेवढीच नव्हे. पुस्तिकेतल्या ‘९० टक्के यशा’मागे असा दुसरा गट आहे का, हे मी विचारले. नव्हता.

यावर आयुर्वेदाला नावे ठेवता म्हणून माझ्यावर रागावणारे लोक आमच्या घरातही आहेत. त्यांना मी सर्पगंधेचे उदाहरण देते. सर्पगंधा आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, रक्तदाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये आपला निबंध एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पुढे जगभर या वनस्पतीपासून मिळवलेले औषध रक्तदाबासाठी वापरले गेले. वनस्पतीत गुण असेल तर तो मोजमापातून लपून राहत नाही. आमच्या ओळखीच्या वैद्यांनी, ज्यांचे शिक्षण पंचवटीत गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयात झाले आहे, हा डबा पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा, की रुग्णाची नाडी, वय, इतर आजार न पाहता एकच चूर्ण सगळ्यांना देणारा हा कोण? त्यांनी २०२१ मध्ये आपल्या प्रत्येक रुग्णाला बोटाला यंत्र लावल्याशिवाय परत पाठवले नव्हते, आणि आकडा ९४ च्या खाली दिसला की ते स्वतः रुग्णालयाला चिठ्ठी लिहून देत.

उलट बाजूही तितक्याच मोकळेपणाने लिहिली पाहिजे. त्याच एप्रिलमध्ये माझा पुतण्या रेमडेसिविर या विषाणूरोधक इंजेक्शनसाठी पहाटेपासून रांगेत उभा होता, आणि मृत्यू टाळण्यात त्या औषधाचा उपयोग नगण्य असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सॉलिडॅरिटी’ चाचणीने ऑक्टोबर २०२० मध्येच सांगितले होते. प्लाझ्मासाठीही, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या द्रवासाठी, लोकांनी हातापाया पडून दाते शोधले. आपल्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर त्याची चाचणी घेतली होती आणि तिच्यात फायदा दिसला नव्हता. तरी सरकारी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा काढला गेला तो १७ मे २०२१ रोजी. उशीर झाला, पण काढला गेला, कारण मोजणी झालेली होती आणि ती सगळ्यांसमोर होती. डब्यावरचा दावा कोणत्या आकड्यामुळे मागे घेतला जाईल, हे मी त्या तरुणाला विचारले, तेव्हा त्याला प्रश्नच समजला नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावचे उदाहरण लोक हमखास देतात. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तिथे साथीचा कहर झाला, पुढे ती ओसरली आणि तिथल्या मन्सुरा या युनानी काढ्याचे नाव सर्वतोमुखी झाले. काढा प्यायलेल्या आणि न प्यायलेल्या सारख्याच लोकांची तुलना त्या वेळी कोणी केलेली नव्हती. पहिल्याच लाटेत तिथे किती जणांना संसर्ग होऊन गेला होता, तिथल्या लोकसंख्येत तरुण किती, चाचण्या करून घेणारे किती, हे सगळे प्रश्न त्यात येतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पुढे या विषयाचा अभ्यास हाती घेतला, हे मला फार योग्य वाटते. जिथे कुतूहल आहे तिथे मोजावे. मोजण्याच्या आधी डबे विकू नयेत.

‘कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ हे डब्यावरचे वाक्य तर सरळ चुकीचे आहे. घटकांच्या सात नावांत ज्येष्ठमध आहे, आणि ज्येष्ठमध रोज मोठ्या मात्रेत घेतले तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम कमी होते. भाऊजी रक्तदाबाचे रुग्ण, आणि पत्रक त्यांना मात्रा दुप्पट करायला सांगत होते. गुळवेलीबद्दलही २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झालेली असू शकते. हा आक्षेप बरोबर धरला तरी या डब्याची अडचण वाढतेच, कारण आत कोणती वेल आहे, कुठून आणली, कोणी ओळखली आणि किती घातली, यातले काहीही त्याच्यावर लिहिलेले नाही.

खरेदी करू इच्छिणाऱ्यांना एवढेच सांगते : पाचपैकी मी या संचाला एक गुण देते आणि तो डब्याच्या झाकणाला आहे. आयुष उपचारांच्या नावाने कोविडवर खोटे दावे करणाऱ्यांना राज्यांनी आवर घालावा, असा आदेश आयुष मंत्रालयानेच १ एप्रिल २०२० रोजी काढला होता, आणि औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर १९५४ पासून आहे. मी डबा, बिल, पत्रक आणि पुस्तिका यांच्या प्रती जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. बिल मागितल्याशिवाय दुकानात मिळत नाही, तेव्हा ते आवर्जून मागून घ्यावे.

राहता राहिले भाऊजी. चूर्णानेही थोडे काम केले असेल, असे ते आजही म्हणतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण वहीतली ती नोंद मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. मुद्रणालयात आयुष्यभर कोऱ्या आणि छापील कागदाचा एकेक ताव मोजून हिशेब जुळवलेला तो माणूस; अर्धी नोंद त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर मेन रोडला आले. तरुणाने वही काढून दिली. भाऊजींनी २३ वे पान उघडले, चष्मा लावला, स्वतःच्या नावाखाली उरलेल्या दोन बोटे जागेत बारीक अक्षरांत लिहिले, ‘१५ एप्रिल २०२१. प्राणवायू ८८. रुग्णालयात १४ दिवस. डेक्सामेथासोन दिले.’ खाली सही केली, तारीख घातली आणि वही शाई वाळेपर्यंत उघडी धरून ठेवली.

मागच्या आठवड्यात मी तिकडून जाताना आत डोकावले. भिंतीवरचे कार्ड काढलेले होते. वही पाहायला मागितली, तर ती भरली म्हणून नवी सुरू केली आहे, असे उत्तर मिळाले.